‘टी’ दिसला की लगेच ‘चहा’ लिहू नका

प्रश्न नेरुळच्या एका मुलीचा आहे. तिने नुकतंच मालिकांच्या उपशीर्षकांचं काम घेतलंय. एका ब्रिटिश मालिकेत आई मुलाला हाक मारते, "युअर टीज रेडी", आणि टेबलावर असतात तळलेले मासे, बटाटे, वाटाणे. एका अमेरिकन मालिकेत दोन मैत्रिणी "स्पिल द टी" म्हणतात आणि आसपास कपसुद्धा नाही. तिसरं काम उलट दिशेचं, मराठी लघुपटाची इंग्रजी उपशीर्षकं: टपरीवर "दोन कटिंग" आणि घरात पाहुणा म्हणतो, "अर्धाच द्या." तिचं म्हणणं, टी म्हणजे चहा एवढं तर पहिलीतल्या मुलालाही कळतं, मग इथे अडतं कुठे?

अडतं ते असं, की पानापुरते आणि पेयापुरते हे दोन शब्द एकमेकांना बरोबर बसतात. त्यापलीकडे दोघांचे संसार वेगळे आहेत. इंग्रजी ‘टी’ जेवण होतो, वेळ होतो, औषध होतो, कुजबुज होतो. मराठी ‘चहा’ आमंत्रण होतो, मान होतो, लाच होतो. म्हणून मी शब्दकोश उघडण्याआधी एकच गोष्ट विचारतो: कपात काय आहे, आणि कप आहे का?

मी २७ वर्षं अनुवाद करतोय. सुरुवात ठाण्यात, कोर्ट नाक्याजवळ एका टायपिंगवाल्याच्या टेबलाच्या कडेला बसून. जबान्या, फारकतीचे अर्ज, खरेदीखतं. मग ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली आणि तुर्भे-महाप्याच्या कारखान्यांची कामं मिळू लागली, त्यामागून दवाखान्यांची पत्रकं, आणि आता चार-पाच वर्षं उपशीर्षकंही. यातल्या एकाही कामात चहा आला नाही असं झालेलं नाही.

आधी मासे-बटाटे. इंग्लंडच्या उत्तरेकडे कामकरी घरांत दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ म्हणायची रीत आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही ती पोचली. गिरणीतून, खाणीतून माणूस पाच-सहाला घरी यायचा, त्याच्यापुढे गरम ताट आणि सोबत किटलीभर चहा. जेवणाने सोबतच्या पेयाचं नाव घेतलं आणि पुढे पेय नसलं तरी नाव राहिलं. तेव्हा तुमच्या त्या आईच्या तोंडी सरळ "जेवायला ये रे" घाला. "चहा तयार आहे" लिहिलंत तर प्रेक्षकाला वाटेल ही बाई माशांबरोबर चहा देतेय.

हेच जेवण म्हणजे मुळातला ‘हाय टी’. ‘हाय’ हा शब्द मोठेपणाचा नाही. बैठकीतल्या बुटक्या मेजावर नव्हे तर जेवणाच्या उंच टेबलाशी बसून खायचा, म्हणून हाय, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. मोठेपणाचा प्रकार तो ‘आफ्टरनून टी’: पातळ सँडविच, केक, नाजूक कप. १८४०च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी तो रूढ केला असं मानतात, कारण उमरावांचं रात्रीचं जेवण उशिरा आणि मधल्या वेळेत पोटात कावळे. आपल्याकडे मात्र घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही बिल्डरच्या निमंत्रणावर ‘हाय टी’ म्हणजे सूटबूट, कटलेट आणि पेस्ट्री. अर्थ पार उलटा झालाय, पण इथे तोच रूढ आहे, त्यामुळे भारतीय इंग्रजीतून मराठीत आणताना मी बिनदिक्कत ‘चहापान आणि अल्पोपाहार’ लिहितो. ब्रिटिश कादंबरीत तोच शब्द आला की ‘संध्याकाळचं जेवण’. नुसता शब्द पाहून चालत नाही, बोलणारा कुठल्या गावचा ते पाहावं लागतं.

बुटक्या मेजावरून आठवलं. आपल्या हॉलमधला टीपॉय. नावात टी आहे, वर चहाचा ट्रे असतो, तेव्हा हा शब्द चहावरूनच आला असणार असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. तो आपल्याच देशातला, तीन पायांची ती तिपाई. साहेबाच्या कानाला ‘ति’ म्हणजे ‘टी’ वाटलं, त्याने तसं स्पेलिंग केलं, आणि तिपाई टीपॉय होऊन आपल्याकडे परत आली. आता तिला चार पाय असतात.

"स्पिल द टी" हे जास्त मजेचं आहे. हा ‘टी’ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ड्रॅग कलावंतांच्या, म्हणजे बाईचा वेष करून रंगमंचावर येणाऱ्या पुरुषांच्या, बोलीतून आला. ‘ट्रूथ’चं पहिलं अक्षर टी, म्हणजे आतली खरी गोष्ट. पुढे तो कुजबुजीचा शब्द झाला आणि मोबाइलवरून जगभर गेला, वाशीच्या कॉलेजातली मुलंही हल्ली "टी काय आहे?" विचारतात.

मराठी अनुवादकाला इथे एक मोह होतो, तो मलाही झाला होता. आपल्याकडे ‘चहाडी’ हा शब्द आहेच! चहाशी त्याचा काडीचा संबंध नाही, नुसता नाद जुळतो, पण अर्थ कुजबुजीच्या इतका जवळचा की वाटतं, देवानेच जोडी जमवली. मी एकदा ते वाक्य "चल, चहाडी सांग" असं करून पाठवलंही होतं. तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारली आणि त्यांचं बरोबर होतं. चहाडी नेहमी वर केली जाते: वर्गातला मुलगा बाईंकडे करतो, कारकून साहेबांकडे करतो. तिच्यात कुणाचं तरी नुकसान करायचा हेतू असतो, म्हणून चहाडखोर ही शिवी आहे. मैत्रिणी आपसांत जे करतात ती चहाडी नव्हे. तिथे "सांग ना, काय भानगड आहे?" हे चपखल बसतं. मुली अगदी लहान असतील तर नुसतं "सांग, सांग, सांग" सुद्धा पुरतं; चित्र बाकीचं बोलतं.

टी ही एकाच काळची चोरवाट नाही, हेही सांगून ठेवतो. अमेरिकेतल्या १९३०-४०च्या जॅझवाल्यांच्या तोंडी ‘टी’ म्हणजे गांजा. लंडनच्या कॉकनी बोलीत ‘टी लीफ’ म्हणजे चोर, कारण ‘थीफ’शी यमक. ‘टेक्सस टी’ म्हणजे खनिज तेल. व्हिक्टोरियन काळातली मालिका असेल आणि आजाऱ्याला ‘बीफ टी’ पाजत असतील तर तो गोमांस उकळून काढलेला पातळ अर्क. चहाची पूड त्यात चिमूटभरही नसते.

आता शब्दाच्या जन्माबद्दल थोडं, कारण हा प्रश्न मला कुठल्याही कार्यक्रमात विचारला जातोच. चीनमध्ये चहासाठी चित्रलिपीतली खूण एकच, उच्चार मात्र प्रांतोप्रांती वेगळे. बहुतेक ठिकाणी ‘छा’च्या जवळचा, आणि फुजियानच्या किनाऱ्यावरच्या मिन बोलीत ‘ते’. डच व्यापाऱ्यांनी माल त्या ‘ते’वाल्यांकडून उचलला, त्यातून फ्रेंच ‘ते’, जर्मन ‘टे’, इंग्रजी ‘टी’. पोर्तुगीज मकावला बसले होते, म्हणून ते आजही ‘शा’ म्हणतात. उंटांच्या वाटेने माल गेला तिकडे ‘चाय’ झाला: इराणी, तुर्की, रशियन, हिंदी. बंगाली ‘चा’, आपला ‘चहा’. तमिळमध्ये ‘तेयिलै’, ‘ते’चं पान, सिंहलीत ‘ते’. पोलंडवाल्यांनी लॅटिन ‘हेर्बा थेआ’ची मोट बांधून ‘हेर्बाता’ केलं.

ठाण्यात जवळपास दोनशे वर्षं, १७३७ पर्यंत, पोर्तुगीजांचा अंमल होता आणि पगार, चावी, बटाटा, पाव हे शब्द त्यांनी आपल्याला दिले. त्यामुळे चहासुद्धा त्यांचाच, असं तलावपाळीच्या बाकांवर बसणारे हौशी अभ्यासक ठासून सांगतात. पण ‘चा’चा नाद समुद्रानेही येत होता आणि खुष्कीनेही, एकाच वाटेच्या नावाने पावती फाडता येत नाही.

त्यात आणखी एक वळसा झालाय. आपला ‘चाय’ हल्ली इंग्रजीत पाहुणा म्हणून गेलाय, आणि तिथे त्याचा अर्थ झाला दूध-मसाला घातलेला गोड चहा. म्हणून मॉलमधल्या फळ्यावर ‘चाय टी लाटे’ लिहिलेलं असतं. इटालियनमध्ये लाटे म्हणजे दूध. सगळं उलगडलं तर ‘चहा चहा दूध’. मराठीत लिहायची वेळ आली तर ‘मसाला चहा’ एवढं पुरे.

आता ज्या जागी खरोखर नुकसान होतं तिथे येतो. ‘ब्लॅक टी’.

आपण घरात ‘कोरा चहा’ म्हणतो, म्हणजे दूध न घातलेला. इंग्रजीतही "आय टेक इट ब्लॅक" असं कुणी म्हटलं तर तो कोराच. पण पाकिटावर ‘ब्लॅक टी’ असतं तेव्हा ती पानाची जात असते, किंवा नेमकं म्हणायचं तर पानावर झालेली प्रक्रिया. तोडलेली पानं सुकवून चुरडली की आतली विकरं (एन्झाइम) हवेतल्या प्राणवायूशी काम सुरू करतात, पान तांबूस आणि मग काळसर पडतं. तो ब्लॅक टी. तेच पान आधी वाफवून किंवा कढईत परतून विकरं मारून टाकली की हिरवं राहतं, तो ग्रीन टी. झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. म्हणजे आपल्या ओट्यावरच्या डब्यातला दाणेदार चहा, ज्याला दुकानदार ‘मामरी’ म्हणतात, तोही ब्लॅक टीच, मग त्यात तुम्ही अर्धा लिटर दूध ओता. दाणे होतात ते सीटीसी यंत्रामुळे, चिरडणं, फाडणं, वळणं या तिन्ही क्रिया एकदम करणारे रूळ. १९३०च्या सुमारास आसामात ते आले. तेव्हा ‘ब्लॅक टी २५० ग्रॅम’चं मराठी ‘कोरा चहा २५० ग्रॅम’ करू नका. लेबलावर ‘काळा चहा’ लिहा किंवा नुसता ‘चहा’. गंमत अशी की चिनी लोक याच मालाला ‘तांबडा चहा’ म्हणतात, आणि त्यांचा ‘काळा चहा’ म्हणजे प्यु-अरसारखा वर्षानुवर्षं मुरवलेला. चिनी माहितीपट इंग्रजीवरून करत असाल तर हे जपा.

यात माझी एक चूक सांगतो, कारण तिने मला हा विषय शिकवला. एका दवाखान्यासाठी रुग्णांचं माहितीपत्रक करत होतो. धोक्याच्या लक्षणांत होतं ‘टी-कलर्ड युरिन’. मी लिहिलं ‘चहाच्या रंगाची लघवी’. शब्दाला शब्द, कुठे काही खटकलं नाही. पुढे तिथल्या डॉक्टरांनी फोन केला: एका माणसाने त्या ओळीपुढे ‘नाही’ची खूण केली होती आणि तोंडी विचारल्यावर म्हणाला, "नाही हो, चहासारखी दुधाळ नाही, चांगली गडद आहे, तांबडी-काळी." म्हणजे लक्षण नेमकं तेच होतं. इंग्रज माणसाच्या डोळ्यापुढे चहा म्हणजे पारदर्शक गडद तपकिरी पाणी. आपल्या माणसाच्या डोळ्यापुढे आलं घातलेला, साय धरलेला दुधाचा चहा. कावीळ असो की स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडावर आलेला ताण, हे लक्षण वेळेत कळणं महत्त्वाचं असतं. आता मी ‘कोऱ्या चहासारखी गडद तपकिरी लघवी’ लिहितो. एक ‘कोऱ्या’ वाढवला, बस.

‘टीस्पून’चंही तसंच. आमच्याकडे चहाचा चमचा म्हणजे साखरेच्या डब्यात असेल तो. काही घरांत तो पळीएवढा असतो. औषधाच्या पत्रकावर मी ‘५ मिली’ लिहितो आणि चमच्याचं नावही घेत नाही. पाककृतीत ‘छोटा चमचा’ चालतो.

मग येतात चहा नसलेले चहा. मराठीतला सगळ्यांत लाडका म्हणजे गवती चहा. जांभळी नाक्याच्या मंडईत आल्या-पुदिन्याशेजारी जुडी बांधून ठेवलेला असतो. ते गवत आहे. चहाच्या झुडपाशी त्याचं दूरचंही नातं नाही, आधणात पडतो म्हणून नाव चहा. हिंदी बोलणारा भाजीवाला त्यालाच ‘हरी चाय पत्ती’ म्हणतो आणि गुजराती गिऱ्हाईक ‘लीली चा’ मागतं. लीली म्हणजे हिरवी. आता पुढचं ओळखा. एका गुजराती पाककृतींच्या पुस्तिकेचं इंग्रजी कुणीतरी आधीच केलं होतं, ते माझ्याकडे मराठीसाठी आलं. त्यात काढ्यामध्ये ‘ग्रीन टीची चार-पाच लांब पाती कापून’ घालायला सांगितलं होतं. ग्रीन टीला लांब पाती? मूळ पान मागवलं तर ‘लीली चा’. दोन भाषांमधून गाळून येईपर्यंत गवताचा चिनी चहा झाला होता.

‘हर्बल टी’साठी आपल्याकडे ‘काढा’ हा उत्तम शब्द आहे, पण तो सरसकट वापरू नका. काढा उकळून आटवतात, तिकडचा हर्बल टी गरम पाण्यात पुडी बुडवून होतो. शिवाय काढा म्हटलं की तोंड वाकडं होतं; पात्र स्पामध्ये पाय पसरून बसलेलं असेल तर ‘हर्बल टी’च राहू द्या, आजी तुळस-मिरे उकळत असेल तर काढा. कायद्याची कामं करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमावलीत चहा म्हणजे फक्त कॅमेलिया सायनेन्सिसची पानं, कळ्या आणि कोवळी देठं. (कांगडा चहाची व्याख्या तिथे वेगळी दिली आहे, हा एक गमतीचा कोपरा.) म्हणून लेबलाचा अनुवाद करताना जास्वंदीच्या पाकळ्यांना ‘चहा’ म्हणण्याआधी ग्राहकाला लेखी विचारून घ्या. दक्षिण आफ्रिकेचा रूईबोसही चहा नव्हे, तिथलं शेंगावर्गीय झुडूप आहे.

आणि ‘टी ट्री ऑइल’ला ‘चहाच्या झाडाचं तेल’ कधीही लिहू नका. ते ऑस्ट्रेलियातल्या मेलाल्यूका नावाच्या वेगळ्याच झाडाचं, त्वचेला लावायचं. पोटात गेलं तर विषारी. उलट ‘टी सीड ऑइल’ हे कॅमेलियाच्याच एका भावंडाच्या बियांचं, चीनमध्ये त्यात स्वयंपाक करतात. मराठीत दोन्हीचं ‘चहाचं तेल’ झालं तर कुणीतरी चुकीच्या बाटलीतून फोडणी देईल. पहिल्याला ‘टी ट्री तेल’ राहू द्या आणि पुढे ‘फक्त बाह्य वापरासाठी’.

तुर्भ्याच्या पट्ट्यातली एक आठवण. एका रसायन कारखान्याच्या सुरक्षापत्रकाचा मराठी मसुदा तपासायला आला, त्यात होतं ‘चहा सांडल्यास परिसर रिकामा करा’. मूळ इंग्रजीत तीन मोठी अक्षरं, टी, ई, ए. मसुदा करणाऱ्याने भाषांतर करणाऱ्या यंत्राला विचारलं आणि यंत्राने चहा पाजला. ते होतं ट्रायइथिलअमाइन, लगेच पेट घेणारं, माशासारख्या उग्र वासाचं. पण तेवढ्यावर थांबायचं नसतं, कारण याच तीन अक्षरांनी ट्रायइथॅनॉलअमाइनही लिहितात, जो घट्टसर आणि बराच मवाळ द्रव आहे, क्रीम-साबणात वापरतात. दोन्हीचे धोके वेगळे. मी फोन करून विचारलं, पूर्ण नाव घेतलं, मग लिहिलं. संक्षेप मोठ्या अक्षरांत असेल तर पूर्ण नाव मिळेपर्यंत पेन खाली ठेवायचं.

आता मराठीकडून इंग्रजीकडे. इथे आपला चहा अधिक अवघड आहे, कारण तो क्रियापदांत लपतो. ‘चहा टाकते’, ‘चहा ठेवते’, नागपूरकडे ‘चहा मांडते’; तिन्हींचा अर्थ आधण चुलीवर चढलं. इंग्रजीत टाकला म्हटलं तर फेकला. बोस्टनला १६ डिसेंबर १७७३च्या रात्री चहा खरोखरच टाकला होता, ३४२ पेट्या, बंदराच्या पाण्यात. आणि त्याला ‘टी पार्टी’ हे खेळकर नाव काही दशकांनी चिकटलं, तेव्हाचे लोक त्याला चहाची नासधूस म्हणत होते.

लिंगाचंही सांगतो, कारण हिंदीवरून मराठी करणारे इथे हमखास घसरतात. चाय ठंडी होते, चहा गार होतो. ठाण्यातली मुलं "चाय थंड झाली" म्हणतात, तर पात्र तसं असेल तर तसंच लिहा. पण नौपाड्यातल्या आजोबांच्या तोंडी "चहा निवला". ते आजोबा "चहा पिला"लाही हरकत घेतील, "प्यायला म्हण" म्हणून. गावाकडच्या पात्राला ‘च्या’ द्या, हवा तर "च्यापानी". मात्र ‘च्यायला’चा या च्याशी काही संबंध नाही, ती अर्धवट गिळलेली शिवी आहे. एका अमराठी सहकाऱ्याने तिचं ‘फॉर टी’ केलं होतं, ते मी अजून जपून ठेवलंय.

‘चहापाणी’ हा सगळ्यांत निसरडा. घरात तो पाहुणचार: "चहापाणी झालं का?" म्हणजे तुमची विचारपूस झाली का. लग्नघरात तो वाढप्यांची बक्षिसी. आणि टेबलाच्या पलीकडून "चहापाण्याचं बघा" असं आलं की लाच. लाचलुचपतीच्या तक्रारीत असं वाक्य आलं की नवा अनुवादक सरळ ‘ब्राइब’ लिहितो. चुकतो. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली त्या माणसाने गैरलाभ मागितला की नाही, हे न्यायालयाने ठरवायचं असतं. मी ‘लाच’ लिहिलं तर निकाल मीच दिला. म्हणून तिथे ‘मनी फॉर टी अँड वॉटर’ असं अक्षरशः लिहितो, विचित्र वाटलं तरी. तेच वाक्य उपशीर्षकात असेल तर "समथिंग फॉर माय ट्रबल" वगैरे बिनधास्त करा. शब्द तोच, जबाबदारी वेगळी.

फारकतीच्या अर्जांत एक वाक्य मी शेकडो वेळा पाहिलंय: "माझ्या माहेरच्यांना साधा चहासुद्धा विचारला नाही." इंग्रजीत हे वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटतं, चहा नाही दिला म्हणून काडीमोड? मराठी माणसाला त्या ‘साध्या’त उंबऱ्यावरचा अपमान दिसतो. साधा म्हणजे स्वस्त नव्हे, साधा म्हणजे शत्रूलाही नाकारत नाहीत तो. मी ‘इव्हन’वर जोर देऊन ‘नॉट ऑफर्ड इव्हन अ कप ऑफ टी’ लिहितो. अर्जाच्या अनुवादात टीप घालायचा अधिकार मला नाही, बाकीचं वकिलांनी बोलावं.

‘चहापान’ मात्र औपचारिक. राज्याच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री चहापान ठेवतात आणि विरोधक त्यावर बहिष्कार टाकतात. हे इतकं ठरलेलं की बहिष्कार न टाकला तर बातमी. इंग्रजीत ‘कस्टमरी टी’ म्हणावं, नाहीतर परक्याला वाटेल चहावाल्यावर राग आहे. क्रिकेटमध्ये चहापान म्हणजे घड्याळ: कसोटीत २० मिनिटांची विश्रांती. २०२३च्या डिसेंबरात तुमच्या नेरुळच्या मैदानावर भारत आणि इंग्लंडच्या महिलांची कसोटी झाली, तेव्हा धावफलकावर ‘टी’ आणि मराठी समालोचनात ‘चहापान’. मैदानात कुणी काय प्यायलं याच्याशी घेणं-देणं नाही.

म्हणींचं फार अवघड नाही. ‘स्टॉर्म इन अ टीकप’साठी मराठीत ‘पेल्यातलं वादळ’ रुळलेलंच आहे. ‘नॉट माय कप ऑफ टी’चं ‘माझ्या चहाचा कप नाही’ असं करणारे वर्तमानपत्रांत आढळतात. ‘हे आपल्याला नाही जमत’ किंवा ‘हा आपला प्रांत नव्हे’ असं लिहा. दिवाळीत मिळणारी ‘टी लाइट’ म्हणजे किटली गरम ठेवायला वापरत ती छोटी मेणबत्ती. ‘चहाचा दिवा’ नको.

राहिला तुमचा लघुपट. "दोन कटिंग" मी ‘टू कटिंग्ज’ असंच ठेवीन. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं मिळतात, त्यात अर्ध्या ग्लासचं गणित समजावत बसू नका. पडद्यावर छोटे ग्लास दिसतायत, ऐकणाऱ्याला पुरतं. ‘टू हाफ टीज’ केलंत तर अर्थ पोचेल आणि टपरी जाईल.

"अर्धाच द्या" मात्र मला दृश्य पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मुलीच्या सासरी आलेला बाप आहे असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडे ‘अर्धाच’ म्हणणाऱ्याला पूर्ण कप देतात आणि तो पितोही. ते नको म्हणणं नसतं, ‘माझ्यासाठी त्रास घेऊ नका’ असं असतं. तेव्हा ‘प्लीज, डोन्ट ट्रबल’ जवळचं. पण लेकीच्या घरचं पाणीही न पिणारा जुन्या वळणाचा बाप असेल, आणि व्याह्यांचा मान राखायला म्हणून अर्धा घेत असेल, तर ‘जस्ट हाफ अ कप’ अक्षरशः हवं, कारण मग तो अर्धा मोजलेला आहे. पुढच्या चौकटीत तो बशीत ओतून सगळा संपवतो, की कप तसाच ठेवून उठतो? तेवढं कळवा, मग ओळ सुचवतो.